नेटवर्क सिम्युलेशनचा आकडा कधी खरा मानावा?

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६जीसाठीचा आराखडाही मांडला. तेव्हापासून वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्यांत एक वाक्य हमखास भेटते: अमुक तंत्रामुळे इंटरनेटचा विलंब इतक्या टक्क्यांनी घटतो, किंवा तमुक पद्धतीने तेवढ्याच टॉवरवरून दीडपट लोकांना सेवा देता येते. गोव्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी सादर होणाऱ्या प्रकल्प अहवालांतही असेच आकडे आणि असेच चढते-उतरते आलेख असतात. सामान्य वाचकाला वाटते की कोणीतरी खरे टॉवर उभारून, खऱ्या मोबाइलवर मोजून हे सांगितले असेल. बहुतेक वेळा तसे नसते. हे आकडे संगणकात रचलेल्या काल्पनिक नेटवर्कवर केलेल्या प्रयोगांतून आलेले असतात. या प्रयोगांना सिम्युलेशन म्हणतात.

सिम्युलेशन ही हलक्या दर्जाची गोष्ट आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. नेटवर्कच्या संशोधनाला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. परंतु सिम्युलेशन हाही एक प्रयोगच आहे आणि प्रयोगशाळेतल्या इतर प्रयोगांना जी शिस्त लागते तीच त्यालाही लागते, हे मात्र वारंवार विसरले जाते. ती शिस्त काय असते आणि ती पाळली नाही तर आकडा कसा फसवतो, हे या लेखात पाहायचे आहे.

सिम्युलेशन चालते कसे

इंटरनेटवरून जाणारी कोणतीही गोष्ट, मग ती छायाचित्र असो वा बँकेचा व्यवहार, लहान लहान तुकड्यांत विभागून पाठवली जाते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी राउटर नावाची यंत्रे असतात. ती आलेले पॅकेट पाहतात आणि पुढच्या योग्य वाटेला लावतात. एका वेळी एकच पॅकेट पुढे जाऊ शकते, म्हणून बाकीची रांगेत थांबतात आणि रांगेची जागा संपली की नव्याने आलेले पॅकेट टाकून दिले जाते.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणारी फेरी डोळ्यांसमोर आणली तर हे चित्र स्पष्ट होते. वाहने आपापल्या वेळी येतात, फेरीत मावतात तेवढी चढतात, उरलेली पुढच्या खेपेची वाट पाहतात. एखाद्या वाहनाला किती वेळ थांबावे लागेल हे दोन गोष्टींवर ठरते: फेरी किती वाहने किती वेगाने पलीकडे नेते, आणि इतर वाहने नेमकी केव्हा येऊन ठेपतात. पहिली गोष्ट बऱ्यापैकी ठरलेली असते, दुसरी कोणाच्याच हातात नसते. नेटवर्कचेही नेमके तसेच आहे.

सिम्युलेटर हा संगणक प्रोग्रॅम अशा हजारो रांगांची नोंद ठेवतो. त्याच्यापाशी पुढे घडणाऱ्या घटनांची यादी असते: या क्षणी हे पॅकेट येईल, त्या क्षणी ते निघेल. प्रोग्रॅम सर्वांत आधीची घटना उचलतो, तिचे परिणाम लिहितो, त्यातून निर्माण झालेल्या नव्या घटना यादीत घालतो आणि आपले घड्याळ थेट पुढच्या घटनेवर नेऊन ठेवतो. मधल्या रिकाम्या वेळेत तो काहीच करत नाही. एनएस-३ आणि ओम्नेट प्लस प्लस ही जगभर वापरली जाणारी सिम्युलेटरे आणि बंगळुरूत तयार झालेले नेटसिम ही सगळी याच तत्त्वावर चालतात.

यदृच्छा येते कुठून

पॅकेट केव्हा येईल, रेडिओ लहर कुठे क्षीण होईल, मोबाइलधारक कोणत्या दिशेला वळेल, या गोष्टी सिम्युलेटर यदृच्छेने, म्हणजे फासे टाकल्यासारख्या, ठरवतो. संगणक मात्र स्वभावतः काटेकोर यंत्र आहे, त्याला खरी यदृच्छा जमत नाही. म्हणून तो एका सूत्राने एकामागून एक असे आकडे काढतो की ते यदृच्छ वाटावेत. या मालिकेची सुरुवात ज्या आकड्याने होते त्याला सीड म्हणतात. सीड तोच ठेवला तर मालिका तीच येते, आणि अर्थातच प्रयोगाचा निकालही शेवटच्या दशांशापर्यंत तोच येतो.

यातून दोन धोके उद्भवतात. पहिला धोका सूत्रच कच्चे असण्याचा. आयबीएमच्या संगणकांवर १९६०च्या दशकात रँडू नावाचे सूत्र सर्रास वापरले जाई. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सगळीकडे विखुरण्याऐवजी अवघ्या १५ समांतर प्रतलांवर बसतात. अशा सूत्रांचे बिंदू मोजक्या प्रतलांवरच पडतात हे गणितज्ञ जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, तोवर कितीतरी प्रयोग अशा सूत्रांवर विसंबून होऊन गेले होते. आजची सूत्रे खूपच सुधारलेली आहेत. एनएस-३ मध्ये पिएर लेक्युये यांचे जे सूत्र वापरले जाते, त्याची मालिका पुन्हा मूळपदावर येण्यापूर्वी ३ वर ५७ शून्ये एवढे आकडे निघू शकतात. त्यामुळे हा पहिला धोका आता बराच मागे पडला आहे, मात्र घरी लिहिलेल्या छोट्या सिम्युलेटरमध्ये तो अजूनही डोके वर काढू शकतो.

दुसरा धोका अधिक साधा आहे आणि म्हणूनच अधिक आढळतो. काही सिम्युलेटरांत, एनएस-३ मध्येही, सीड मुद्दाम बदलला नाही तर तो ठरलेलाच राहतो. विद्यार्थी प्रयोग दहा वेळा चालवतो, दहाही वेळा तोच निकाल येतो आणि त्याला वाटते की निकाल अत्यंत स्थिर आहे. प्रत्यक्षात त्याने एकच प्रयोग दहा वेळा पाहिलेला असतो. प्रयोग एकदा चालवणे म्हणजे एक धाव. एनएस-३ मध्ये यासाठी धावक्रमांकाची सोय आहे: सीड तोच ठेवून हा क्रमांक १, २, ३ असा बदलत नेला की प्रत्येक धावेला मालिकेचा वेगळा, एकमेकांत न मिसळणारा भाग मिळतो. स्वतंत्र धावा मिळवण्याची ही सोपी आणि सुरक्षित वाट आहे.

एका धावेवर का विसंबू नये

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉलच्या गणितावर निबंध प्रसिद्ध केला आणि तिथून रांगांच्या गणिताची सुरुवात झाली. या गणितातला एक अगदी पायाभूत निकाल आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. एकच राउटर आहे, पॅकेट यदृच्छेने येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही यदृच्छ आहे असे समजू. राउटरची ८० टक्के क्षमता वापरात असेल तर त्याच्यापाशी सरासरी ४ पॅकेट असतात. वापर ९० टक्के झाला की ९, ९५ टक्के झाला की १९ आणि ९९ टक्क्यांवर ९९. वापर जेमतेम १५ टक्क्यांनी वाढून ८० वरून ९५ वर जातो, तेवढ्यात रांग जवळजवळ पाचपट होते.

सरासरी वाढते तसे चढउतारही वाढतात, आणि ते विरायला खूप वेळ लागतो. फेरीच्या धक्क्यावर सकाळी एखादी लांब रांग लागली की तिचा परिणाम दुपारपर्यंत जाणवत राहतो, कारण मध्ये रांग ओसरायला फुरसतच मिळत नाही. त्यामुळे एका दिवसाचे मोजमाप घेऊन ‘इथे सरासरी चाळीस मिनिटे थांबावे लागते’ असे म्हणणाऱ्याने धक्क्याबद्दल फारसे काही सांगितलेले नसते, त्या दिवसाबद्दल सांगितलेले असते. नेटवर्कवर संशोधन करणाऱ्यांना ज्या परिस्थितीत सर्वाधिक रस असतो, म्हणजे गर्दीच्या, त्याच परिस्थितीत एका धावेचा आकडा सर्वांत कमी भरवशाचा असतो.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. एका धावेतच एक लाख पॅकेटांचा विलंब मोजला आहे, मग एक लाख नमुने झालेच की! नाही. ते लाख नमुने एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एका पॅकेटाला उशीर झाला तर त्याच्या मागच्यालाही झालेलाच असतो, कारण दोघे एकाच रांगेत होते. ते स्वतंत्र असल्यासारखे धरून चूक किती असेल याचा अंदाज काढला तर तो वास्तवाच्या कितीतरी पट लहान येतो, आणि संशोधकाला नसलेली खात्री वाटू लागते. सांख्यिकीची ओळख असलेली माणसेही इथे चुकतात, म्हणून हा मुद्दा मी ठासून सांगतो.

यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे वेगवेगळ्या धावा करणे. समजा, एकच प्रयोग दहा स्वतंत्र धावक्रमांकांनी चालवला आणि प्रत्येक धावेतून सरासरी विलंबाचा एक आकडा घेतला. हे दहा आकडे खरोखरच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. त्यांची सरासरी ४८ मिलिसेकंद आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, ७ मिलिसेकंद आले असे धरू. दहा आकड्यांसाठी सांख्यिकीच्या कोष्टकातला गुणक २.२६२ आहे. ७ ला दहाच्या वर्गमुळाने भागून या गुणकाने गुणले की उत्तर सुमारे ५ येते. म्हणजे निकाल ‘४८’ असा न लिहिता ‘४३ ते ५३’ असा लिहायला हवा. या पट्ट्याला कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात. पुढे मी त्याला खात्रीचा पट्टा म्हणेन. असा संपूर्ण खटाटोप वारंवार केला, तर शंभरापैकी सुमारे ९५ वेळा काढलेल्या पट्ट्यात खरी सरासरी सापडेल, असा त्याचा अर्थ.

पट्टा अर्ध्यावर आणायचा असेल तर धावा दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. हे वर्गमुळाचे गणित आहे, त्याला पळवाट नाही.

दोन पद्धतींची तुलना

बहुतेक शोधनिबंधांचा हेतू एकच असतो: आमची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा चांगली आहे. समजा, जुन्या पद्धतीचा सरासरी विलंब ४८ आणि नव्या पद्धतीचा ४४ मिलिसेकंद आला. दोन्हींच्या दहा-दहा वेगळ्या धावा आहेत आणि दोन्हींचे विचलन ७ आहे. फरकाचा खात्रीचा पट्टा काढला तर तो उणे २.६ पासून १०.६ पर्यंत येतो. यात शून्यही आहे, म्हणजे फरक मुळात नसण्याचीही शक्यता आहे. तरीही हा निकाल ‘८ टक्के सुधारणा’ म्हणून छापला जाऊ शकतो, आणि छापला जातोही.

इथे धावा वाढवण्याखेरीज आणखी एक युक्ती आहे आणि ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दोन्ही पद्धतींना अगदी तीच यदृच्छा द्यायची. पहिल्या धावेत जुन्या पद्धतीकडे ज्या क्षणी जी पॅकेट आली, नव्या पद्धतीकडेही त्याच क्षणी तीच पाठवायची आणि प्रत्येक धावेत दोघींच्या निकालांतला फरक घ्यायचा. गर्दीची धाव दोघींनाही सारखीच जड जाते, म्हणून नशिबाचा मोठा भाग वजाबाकीत निघून जातो. फरकांची सरासरी तीच ४ राहते, पण त्यांचे विचलन २ पर्यंत उतरले असे धरा. मग पट्टा २.६ ते ५.४ होतो. आता त्यात शून्य नाही, आणि नवी पद्धत सरस आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येते. संगणकाचा एक क्षणही जास्त खर्च झालेला नाही. खऱ्या धक्क्यावर तोच दिवस दोनदा आणता येत नाही, सिम्युलेशनमध्ये येतो, आणि ही संधी वाया घालवणे मला खरोखर खटकते.

सुरुवातीच्या काळाचे काय करायचे

सिम्युलेशन सुरू होते तेव्हा सगळ्या रांगा रिकाम्या असतात. पहिली काही पॅकेट विनासायास निघून जातात आणि त्यांचा कमी विलंब सरासरीत मिसळून ती खाली ओढतो. पहाटेच्या पहिल्या फेरीपासून मोजायला सुरुवात केली तर दिवसभराच्या गर्दीचा अंदाज जसा कमी येईल, तसेच हे. म्हणून सुरुवातीचा काही काळ चालू द्यायचा, पण मोजणीत धरायचा नाही. किती काळ सोडायचा हे अंदाजाने ठरवू नये. अनेक धावांची सरासरी काळानुसार आलेखावर मांडावी आणि रेषा जिथे सपाट होते तिथून मोजायला घ्यावे.

रेषा सपाट होतच नसेल तर? असे घडले आहे, आणि तेही एका अत्यंत लोकप्रिय मॉडेलच्या बाबतीत. मोबाइलधारकांची हालचाल दाखवण्यासाठी रँडम वेपॉइंट नावाचे मॉडेल वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यात प्रत्येक काल्पनिक माणूस मैदानावरचे एक ठिकाण आणि शून्य ते कमाल यांमधला एक वेग निवडतो, तिथवर चालत जातो, मग नवे ठिकाण आणि नवा वेग निवडतो. वरवर यात काहीच वावगे दिसत नाही. पण १ किलोमीटर अंतरासाठी ज्याने सेकंदाला २० मीटर हा वेग निवडला तो ५० सेकंदांत मोकळा होतो, आणि ज्याने सेकंदाला ०.१ मीटर निवडला तो १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक काळ त्याच संथ चालीत अडकून पडतो. जसजसा वेळ जातो तसतसे अधिकाधिक जण असे अडकत जातात आणि सगळ्यांचा सरासरी वेग खाली खाली जातो. जंगक्युन यून, मिंगयान लिऊ आणि ब्रायन नोबल यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की किमान वेग शून्य ठेवला तर हे मॉडेल कधीच स्थिरावत नाही. ‘लोक वेगाने फिरत असताना’ म्हणून छापलेले निकाल प्रत्यक्षात मंदावत चाललेल्या लोकांवरचे होते. उपाय एका ओळीचा आहे: किमान वेग शून्याहून पुरेसा वर ठेवायचा. तरीही ही गोष्ट लक्षात यायला अनेक वर्षे जावी लागली, कारण सगळेच जण तेच मॉडेल वापरत होते आणि काळानुसार सरासरी वेगाचा आलेख काढून पाहत नव्हते.

काल्पनिक जग आणि सत्तरीतला डोंगर

आतापर्यंतची सगळी काळजी हिशेब बरोबर येण्यासाठी होती. याहून कठीण प्रश्न पुढे आहे: ज्या जगाचा हिशेब मांडला ते जग खऱ्यासारखे आहे का?

डार्टमथ कॉलेजमधल्या डेव्हिड कोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बिनतारी नेटवर्कच्या सिम्युलेशनमधली काही गृहीतके खऱ्या उपकरणांवर तपासून पाहिली. जमीन सपाट असते, रेडिओ लहर सर्व दिशांना सारखी पसरते, सगळ्या उपकरणांची पोच सारखी असते, मला तुझे ऐकू आले तर तुलाही माझे येते, ऐकू आले तर संपूर्ण स्वच्छ येते, आणि लहरीची ताकद केवळ अंतरावर ठरते, अशी ती गृहीतके होती. मोजमापांत ती टिकली नाहीत.

गोव्यात राहणाऱ्याला हे सांगायला खरे तर प्रयोगाची गरज नाही. सत्तरीत किंवा सांग्यात डोंगराच्या एका अंगाला मोबाइलचे सिग्नल भरपूर असतात आणि दुसऱ्या अंगाला उतरले की नाहीसे होतात. माड-पोफळीची कुळागरे आणि काजूच्या बागा लहरी शोषून घेतात, आणि पावसाने भिजलेली पाने आणखीच. टॉवरांना एकमेकांशी जोडणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या दुव्यांवर, विशेषतः १० गिगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारितेत, जून ते सप्टेंबरमधला मुसळधार पाऊस थेट परिणाम करतो. तेव्हा सपाट, कोरड्या, झाडे नसलेल्या चौकोनी मैदानावर केलेले सिम्युलेशन घेऊन कोणी वाळपईच्या टॉवरबद्दल बोलू लागला, तर त्याला भूप्रदेशाचे कोणते मॉडेल वापरले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

लोकांच्या वापराचेही असेच. पॅकेट एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टेलिफोनच्या कॉलसारखी येतात असे फार काळ मानले गेले. अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेत १९८९ ते १९९२ या काळात खऱ्या नेटवर्कवरच्या पॅकेटांची अत्यंत बारीक नोंद घेतली गेली. विल लेलँड, मुराद ताक्कू, वॉल्टर विलिंजर आणि डॅनियल विल्सन यांनी तिचा अभ्यास केला तेव्हा दिसले की गर्दीचे चढउतार सेकंदाच्या मापावर पाहा, मिनिटाच्या पाहा किंवा तासाच्या, ते सारखेच खडबडीत राहतात. जुन्या मॉडेलप्रमाणे मोठ्या मापावर ते गुळगुळीत व्हायला हवे होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की रांगा गणिताच्या अंदाजापेक्षा खूप लांब होतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला हजारो लोक एकाच वेळी छायाचित्रे पाठवतात, तेव्हा त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे मानणारे मॉडेल त्या दिवसाबद्दल काहीच सांगू शकत नाही.

म्हणून दोन तपासण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात. पहिली, प्रोग्रॅम ठरवल्याप्रमाणेच चालतो आहे ना. इथे एर्लांग यांच्या परंपरेतली सूत्रे कामी येतात: एकच रांग घेऊन ८० टक्के भार द्यावा आणि सरासरी ४ पॅकेट येतात का ते पाहावे. न आल्यास पुढे जाऊ नये. दुसरी, मॉडेल वास्तवाशी जुळते का; त्यासाठी लहान प्रमाणावर का होईना, खरे मोजमाप लागते. पहिलीत उत्तीर्ण झालेला प्रोग्रॅम दुसरीत सपशेल नापास होऊ शकतो.

निदान तुलना तरी खरी असेल ना

हा आक्षेप जाणकारही घेतात. मॉडेल अगदी अचूक नसले तरी दोन्ही पद्धती त्याच मॉडेलवर तपासल्या, मग कोणती चांगली हे तरी खरे ठरेल. दुर्दैवाने त्याचीही हमी नाही. डेव्हिड कॅव्हिन, योआव सॅसन आणि आंद्रे शिपर यांनी २००२ मध्ये एक अगदी साधी पद्धत, म्हणजे आलेला संदेश सगळ्या शेजाऱ्यांना पुढे पाठवणे, ऑपनेट, एनएस-२ आणि ग्लोमोसिम या तीन सिम्युलेटरांवर चालवली. परिस्थिती शक्य तितकी एकच ठेवूनही निकाल इतके वेगळे आले की आकडे तर सोडाच, आलेखांचा कलही जुळला नाही. तीन सिम्युलेटरांच्या पोटात रेडिओचे बारकावे वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले होते, एवढेच कारण त्याला पुरेसे होते. जी पद्धत शेजाऱ्यांच्या सिग्नलवर जास्त विसंबते ती गोल, स्वच्छ पोच असलेल्या जगात जिंकेल आणि डोंगराळ जगात हरेल. म्हणून तुलनेचा निष्कर्ष एकाहून अधिक परिस्थितींत टिकतो का, हे तपासणे आवश्यक आहे.

मग खऱ्या उपकरणांवरच प्रयोग का करू नयेत

जिथे शक्य आहे तिथे अवश्य करावेत. पण हजार मोबाइल, शंभर टॉवर आणि तीच गर्दी पुन्हा पुन्हा आणणे कोणालाच परवडणारे नाही, आणि जे तंत्र अजून जन्मलेलेच नाही त्याचे उपकरण तरी कुठून आणणार? शिवाय खऱ्या प्रयोगातही यदृच्छा असतेच, फक्त तिथे ती आपल्या ताब्यात नसते. धावा, पट्टे आणि सुरुवातीचा काळ यांची काळजी तिथेही तितकीच घ्यावी लागते.

ही शिस्त कितपत पाळली जाते

दोन पाहण्या या विषयात वारंवार उद्धृत होतात. क्रिझ्टॉफ पाव्लिकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दूरसंचारावरचे २,२०० हून अधिक निबंध चाळले. सिम्युलेशनवर आधारलेल्या निबंधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निबंधांत निकालांच्या यदृच्छ स्वरूपाची दखलच घेतलेली नव्हती. स्टुअर्ट कुर्कोव्स्की, ट्रेसी कॅम्प आणि मायकेल कोलाग्रोसो यांनी २००५ मध्ये एका नामवंत परिषदेतले २००० ते २००५ या काळातले १५१ निबंध तपासले. त्यांतल्या ११४ निबंधांत सिम्युलेशन होते. त्यांपैकी जवळजवळ ३० टक्के निबंधांत कोणते सिम्युलेटर वापरले याचाही उल्लेख नव्हता, आणि दिलेल्या माहितीवरून दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतील असे निबंध १५ टक्क्यांहून कमी होते. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेने, ज्या निबंधांसोबत प्रोग्रॅम आणि माहिती खुली असते व इतरांनी ती चालवून पाहिलेली असते, त्यांना २०१६ पासून विशेष चिन्हे देण्याची पद्धत सुरू केली.

पदवीच्या विद्यार्थ्यांकडून इतकी अपेक्षा का, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की विद्यार्थ्यालाच हे सर्वांत स्वस्तात जमते. तीस धावा रात्रभर चालवायला साधा लॅपटॉप पुरतो, दहा ओळींचा प्रोग्रॅम धावक्रमांक बदलत राहतो आणि खात्रीचा पट्टा कोणतीही स्प्रेडशीट काढून देते. अहवालाच्या एका पानावर सिम्युलेटरचे नाव आणि आवृत्ती, सीड आणि धावक्रमांक, धावांची संख्या, सोडलेला सुरुवातीचा काळ आणि सगळ्या मापांची यादी दिली, प्रोग्रॅम जोडला, की पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तिथून पुढे जाऊ शकतो. हे पान नसेल तर त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. गोव्यातल्या महाविद्यालयांनी हे पान अहवालात सक्तीचे केले तर त्यासाठी एक रुपयाचाही खर्च येणार नाही.

‘एकही पॅकेट हरवले नाही’

शेवटी एका विशिष्ट दाव्याकडे लक्ष वेधतो, कारण शस्त्रक्रियेचे दूरनियंत्रण, चालकविरहित वाहने अशा विषयांवरच्या बातम्यांत तो वाढत चालला आहे. सिम्युलेशनमध्ये एकही पॅकेट हरवले नाही, म्हणून ही पद्धत पूर्ण भरवशाची आहे, असा तो दावा. दुर्मीळ घटना छोट्या प्रयोगात दिसतच नाहीत, त्यामुळे न दिसणे हा न घडण्याचा पुरावा होत नाही. सांख्यिकीत यासाठी एक सोपा नियम आहे: स्वतंत्र अशा काही प्रयत्नांत घटना एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की तिची शक्यता ३ भागिले प्रयत्नांची संख्या याहून कमी आहे. १,००० पॅकेटांपैकी एकही हरवले नसेल तर हरवण्याचे प्रमाण हजारात ३ पर्यंतही असू शकते. लाखात एक एवढी खात्री द्यायची असेल तर किमान ३ लाख प्रयत्न निर्धोक पार पडायला हवेत, आणि रांगेतली पॅकेट एकमेकांवर अवलंबून असतात हे लक्षात घेता प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ जास्त. दावा करणाऱ्याने किती धावा केल्या आणि एकूण किती पॅकेट पाठवली, हे दोन आकडे बातमीत असले तर वाचकालाही हा भागाकार मनातल्या मनात करता येईल.